संत्राबागांच्या नकाशासाठी पोस्टजीआयएस: बसवताना अडले आहे, मदत हवी

बागेची_वही
४ जून, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी मोर्शी तालुक्यात राहते. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभासदांच्या नोंदी माझ्याकडे असतात. गट नंबर, झाडं किती, आंबिया बहार धरला की मृग, विहीर की बोअर, ठिबक आहे का, असं सगळं. आधी एक्सेलमध्ये होतं, गेल्या वर्षी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आणलं आणि कामाला शिस्त आली.

यंदा मार्च-एप्रिलमध्ये आम्ही तिघं जण ऊन चढायच्या आत २१२ बागांच्या धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, मोबाइल घेऊन फिरलो. प्रत्येक कोपऱ्यावर थांबून जीपीएसचा बिंदू घेतला, विहिरी आणि बोअरचेही घेतले. मला आता डेटाबेसला विचारायचं आहे की ही बाग मोजल्यावर किती आर भरते, सातबाऱ्यावर किती लिहिली आहे, आणि गावच्या पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत किती बोअर आहेत. आमचा भाग डार्क झोनमधला, म्हणजे भूजलाचा अतिउपसा झालेला, म्हणून शेवटचा प्रश्न माझ्यासाठी सगळ्यात मोठा.

यासाठी पोस्टजीआयएस हे पोस्टग्रेसला नकाशाची कामं शिकवणारं एक्स्टेन्शन, म्हणजे जोड, लागतं असं वाचलं. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू आहे. ऑफिसातल्या जुन्या डेस्कटॉपवरही उबुंटूच, आणि पोस्टग्रेस १६. काल रात्री एक्स्टेन्शन बसवलं, कुठेही तक्रार न करता बसलं. पण पीजीॲडमिनमध्ये, म्हणजे पोस्टग्रेस हाताळायच्या प्रोग्रॅममध्ये, 'क्रिएट एक्स्टेन्शन पोस्टजीआयएस' दिलं की उत्तर येतं, एक्स्टेन्शन उपलब्ध नाही, कंट्रोल फाइल उघडता आली नाही. तीनदा काढून बसवलं. इथे मोबाइलच्या हॉटस्पॉटवरच सगळं उतरवावं लागतं, आजचा डेटा त्यातच संपला.

आदेश मी उच्चाराप्रमाणे मराठी अक्षरांत लिहितेय, समजून घ्याल.


साठवण
४ जून, रात्री ९:५५

ताई, परत उतरवू नका, डेटा वाचवा. त्या चुकीच्या खाली 'हिंट' म्हणून एक ओळ येते, ती वाचली का? तिचा अर्थ असा की ज्या यंत्रावर पोस्टग्रेस चालतं त्या यंत्रावर हे एक्स्टेन्शन आधी बसलेलं हवं. तुमचा डेटाबेस लॅपटॉपवर आहे की ऑफिसच्या डेस्कटॉपवर?


बागेची_वही
४ जून, रात्री १०:०५

डेस्कटॉपवर. लॅपटॉपवर फक्त पीजीॲडमिन आहे, त्यातून ऑफिसच्या नेटवर्कवर जोडते. म्हणजे मी तीनदा लॅपटॉपवर बसवत होते. आता लक्षात आलं.


साठवण
४ जून, रात्री १०:४०

हो, आणि ही चूक फार जणांची होते, कारण पीजीॲडमिन उघडलं की डेटाबेस आपल्याच समोर आहे असं वाटतं. प्रत्यक्षात ती फक्त खिडकी आहे. फाइली लागतात त्या खिडकीच्या पलीकडच्या यंत्रावर.

एक्स्टेन्शनचं काम दोन टप्प्यांत होतं. पहिला टप्पा यंत्राचा. ॲप्टने, म्हणजे उबुंटूवर सॉफ्टवेअर बसवायच्या आदेशाने, पॅकेज आणलं की त्या यंत्राच्या डिस्कवर कंट्रोल फाइल, एसक्यूएलच्या फाइली आणि लायब्ररी येऊन पडतात. पॅकेजच्या नावातला आकडा तुमच्या पोस्टग्रेसशी जुळला पाहिजे. तुमचं १६ आहे, म्हणून 'पोस्टग्रेसक्यूएल-१६-पोस्टजीआयएस-३'. एका यंत्रावर पोस्टग्रेसच्या दोन आवृत्त्या असतील तर १४ साठी आणलेलं एक्स्टेन्शन १६ ला दिसत नाही. हे तपासायला 'पीजी_अव्हेलेबल_एक्स्टेन्शन्स' हा व्ह्यू बघा. त्यात पोस्टजीआयएसचं नाव आलं की पहिला टप्पा झाला.

दुसरा टप्पा डेटाबेसचा. 'क्रिएट एक्स्टेन्शन' हा आदेश ज्या डेटाबेसमध्ये द्याल त्याच्यापुरताच लागू होतो. एका यंत्रावर पाच डेटाबेस असतील आणि पाचही ठिकाणी हवं असेल तर आदेश पाच वेळा. पीजीॲडमिन उघडल्यावर बरेच जण 'पोस्टग्रेस' नावाच्या मूळ डेटाबेसमध्येच आदेश देतात, आणि मग आपल्या डेटाबेसमध्ये 'जॉमेट्री' हा बिंदू-आकार साठवायचा प्रकारच नाही अशी तक्रार येते.

तिसरी अडचण आधीच सांगून ठेवतो. तुमचा रोजचा युजर सुपरयुजर, म्हणजे सगळे अधिकार असलेला, नसेल तर परवानगी नाही म्हणेल. पोस्टजीआयएससाठी सुपरयुजर लागतो. एकदा तेवढ्यापुरतं पोस्टग्रेस या युजरने जोडा, आदेश द्या, परत आपल्या युजरवर या. रोजच्या युजरला सुपरयुजर करून ठेवू नका, सभासदांची माहिती आहे त्यात.


जुना_गडी
५ जून, सकाळी ७:३०

साठवण यांनी नीट समजावलं आहे. मी थोडी भर घालतो. पोस्टजीआयएसची पहिली आवृत्ती २००१ ची, कॅनडातल्या रिफ्रॅक्शन्स रिसर्चने काढलेली. 'क्रिएट एक्स्टेन्शन' हा आदेश पोस्टग्रेसमध्ये २०११ साली, ९.१ आवृत्तीत आला. त्याआधी आम्ही एसक्यूएलच्या लांबलचक फाइली एकामागून एक हाताने चालवत होतो. मधेच वीज गेली तर अर्धी फंक्शन्स बसलेली आणि अर्धी नाहीत, पुसून पुन्हा सुरुवात. आता एका ओळीत शेकडो फंक्शन्स येतात आणि 'ड्रॉप एक्स्टेन्शन' म्हटलं की सगळी जातात. पण त्या 'ड्रॉप'ला 'कॅस्केड' हा शब्द जोडू नका. त्या एका शब्दाने तुमच्या टेबलांमधले जॉमेट्रीचे रकानेही उडतात. नवीन मुलांना हे मी दरवेळी सांगतो.


बागेची_वही
५ जून, दुपारी १:१५

झालं! डेस्कटॉपवर बसवलं, सुपरयुजरने आपल्या डेटाबेसमध्ये आदेश दिला, 'पोस्टजीआयएस_फुल_व्हर्जन' विचारलं तर भली मोठी ओळ आली. साठवण दादा, परवानगीची अडचण अगदी तुम्ही सांगितली तशीच आली, आणि आधी माहीत असल्यामुळे अजिबात घाबरले नाही. मनापासून आभार.


काळी_माती
५ जून, रात्री ८:२०

बाई, मी वरूडकडचा, माही पन बाग हाये ३ एकराची. हे सगळं वाचून राह्यलो. मले येक सांगा, सातबाऱ्यावर क्षेत्र लिवलंच हाये, मंग परत मोजाचं कायले? आन मोबाइलनं मोजलेलं कोन मानते?


बागेची_वही
५ जून, रात्री ९:००

काका, प्रश्न बरोबर आहे. सरकारी मोजणी भूमी अभिलेख विभागच करतो आणि हद्दीचा वाद असेल तर तीच मोजणी चालते. आमची मोजणी कुणाच्या धुऱ्याचा निकाल लावायला नाही.

आम्हाला लागते ती लागवडीखाली प्रत्यक्ष किती आहे ते कळायला. सातबाऱ्यावर १ हेक्टर ६२ आर असतं, त्यात पोटखराबा असतो, नाल्याकडचा पडीक तुकडा असतो, गोठा असतो. खताचा, फवारणीचा, ठिबकच्या नळ्यांचा हिशेब प्रत्यक्ष बागेवर होतो. गेल्या वर्षी एका सभासदाने सातबाऱ्याच्या आकड्यावरून नळ्या मागवल्या आणि दोन बंडलं उरली. शिवाय शेजारी-शेजारी बागा कुठे आहेत हे नकाशावर दिसलं की माल उचलायची गाडी एका फेरीत किती बागा करेल ते ठरवता येतं.


काळी_माती
५ जून, रात्री ९:१०

हे पटलं जी. नळ्यांचं आमच्याइकडं बी असंच झालं होतं. लिवत राहा, मी वाचतो.


बागेची_वही
७ जून, रात्री १०:३०

आता खरी अडचण. मी मुद्दाम एकच बाग घेऊन तपासते आहे, कारण ती मला पाठ आहे. चार कोपरे, पश्चिमेच्या धुऱ्यावर कडुनिंब, उत्तरेला पांदण. सातबाऱ्यावर १ हेक्टर ६२ आर.

बिंदू जोडून पॉलिगॉन केला. आधी 'शेल मस्ट बी क्लोज्ड' अशी चूक आली, मग कळलं की पहिला बिंदू शेवटी पुन्हा द्यावा लागतो, ते केलं. 'एसटी_एरिया'ने क्षेत्र विचारलं तर उत्तर ०.०००००१४ च्या आसपास. हे कसलं एकक?

पुढे वाचून 'जिऑग्राफी' या पृथ्वीची गोलाई धरणाऱ्या प्रकारात बदलून विचारलं. आता उत्तर चौरस मीटरमध्ये आलं, पण सुमारे ३,६००. म्हणजे ३६ आर! तीन एकरांवर जमीन कुठे गेली? दुसऱ्या बागा बघितल्या, सगळ्याच जवळपास पाव भरतात.


साठवण
७ जून, रात्री ११:१५

पहिलं उत्तर चौरस अंशांत आहे. तुमचे बिंदू अक्षांश-रेखांशात आहेत, एसआरआयडी (आकडे कुठल्या पद्धतीतले ते सांगणारा क्रमांक) ४३२६. जॉमेट्री प्रकाराला पृथ्वी गोल आहे हे माहीत नसतं, तो अंशांनाच लांबी-रुंदी समजून गुणतो. जिऑग्राफीत बदललंत ते योग्य केलंत.

दुसऱ्याबद्दल मला शंका आहे, पण आधी तुम्ही क्यूजीआयएस या नकाशाच्या प्रोग्रॅममध्ये ही बाग उघडा, मागे जगाचा नकाशा ठेवा आणि बाग कुठे दिसते ते सांगा.


बागेची_वही
७ जून, रात्री ११:४०

नॉर्वेच्या वर. स्वालबार्ड म्हणून बेटं आहेत, तिथे. २१२ च्या २१२ बागा तिथेच.


साठवण
८ जून, सकाळी ६:५०

म्हणजे अक्षांश आणि रेखांश उलटे पडले आहेत. बिंदू तयार करणाऱ्या 'एसटी_मेकपॉइंट'ला आधी क्ष लागतो, म्हणजे रेखांश, मग य, म्हणजे अक्षांश. आपण बोलताना आणि मोबाइलच्या फाइलीत आधी अक्षांश असतो, २१.३ आणि ७८.०. तसंच दिलं तर ते ७८ अंश उत्तर आणि २१ अंश पूर्व होतं.

क्षेत्र पाव का झालं तेही यातच आहे. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे एकमेकींच्या जवळ येत जातात. मोर्शीच्या अक्षांशावर १ अंश रेखांश म्हणजे साधारण १०४ किलोमीटर, पण ७८ अंश उत्तरेला तोच अंश जेमतेम २३ किलोमीटर. तुमच्या बागेचा आकार अंशांत तेवढाच राहिला आणि मीटरमध्ये आक्रसला.

'एसटी_फ्लिपकोऑर्डिनेट्स' नावाचं फंक्शन अदलाबदल करून देतं. पण तुमच्याकडे मूळ बिंदूंचं टेबल आहे ना? मग पॉलिगॉन पुसून मूळ बिंदूंवरूनच पुन्हा तयार करा. उलटी केलेली वस्तू पुन्हा उलटी करत बसलं की पुढे सहा महिन्यांनी कुठली सुलटी होती ते कुणालाच सांगता येत नाही.


टेकडीपलीकडे
८ जून, सकाळी ९:३०

मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांसाठी जोडून सांगते. तिथे असे प्रकार मुळातच असतात, वेगळं एक्स्टेन्शन लागत नाही. पण ८.० पासून ४३२६ मध्ये मजकूर स्वरूपात बिंदू देताना आधी अक्षांश धरतात. म्हणजे पोस्टजीआयएसच्या बरोबर उलट. एकीकडून दुसरीकडे माहिती नेताना मी यावर दोन दिवस घालवले आहेत. नेहमी एक ओळखीचा बिंदू, आपल्या गावचं मंदिर म्हणा, पाण्याची टाकी म्हणा, आधी नेऊन बघावा आणि मग बाकीचे न्यावेत.


बागेची_वही
८ जून, दुपारी ३:२०

जमलं. माझी पाठ असलेली बाग १६,०४३ चौरस मीटर, म्हणजे १ हेक्टर ६० आर. सातबाऱ्याला २ आर कमी, आणि तेवढा तुकडा पांदणीकडे पडीक आहे हे मला माहीत आहे. हा आकडा बघून खूप बरं वाटलं. दोन महिने चाललो त्याचं चीज झालं.


चांदूरकर
८ जून, रात्री ८:००

ताई, तुम्ही जिऑग्राफी वापरलीत म्हणून वाचलात. माझी गोष्ट सांगतो. मी अमरावती जिल्ह्यात पाणलोटाच्या कामात आहे. आम्हाला एका सल्लागाराकडून शेततळ्यांची फाइल मिळाली, मीटरमधली, यूटीएमची, म्हणजे पृथ्वीचे ६-६ अंशांचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजायच्या पद्धतीची. आपल्याकडे यूटीएमचे दोन पट्टे येतात. ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला पट्टा ४३, पूर्वेला ४४. अकोला, अमरावती शहर ४३ मध्ये, वर्धा, नागपूर, यवतमाळ ४४ मध्ये. आणि ही ७८ ची रेषा जाते ती नेमकी मोर्शीजवळून. म्हणजे आमचा एकच जिल्हा दोन पट्ट्यांत विभागलेला.

फाइल ४४ ची होती. मी ४३ समजून 'एसटी_सेटएसआरआयडी' देऊन ३२६४३ हा पट्टा ४३ चा क्रमांक लावून टाकला. शेततळी गुजरातेत, भावनगर जिल्ह्याच्या किनाऱ्याजवळ जाऊन बसली. बरोबर ६ अंश पश्चिमेला.


साठवण
८ जून, रात्री ८:४५

चांदूरकर, हे सगळ्यांनी वाचावं असं आहे. 'सेटएसआरआयडी' फक्त चिठ्ठी डकवतं, आकडे आहेत तेच राहतात. 'एसटी_ट्रान्सफॉर्म' आकडे बदलून नवीन पद्धतीत आणतं. पोत्यात तूर आहे आणि वर हरभऱ्याची चिठ्ठी लावली तर आत तूरच राहणार. चिठ्ठी आधीच नसेल आणि आपल्याला आतलं नक्की माहीत असेल, तेव्हाच 'सेटएसआरआयडी'. एरवी 'ट्रान्सफॉर्म'.

तुमच्या रेषेवर असलेल्या एका जागेचा पूर्वेकडचा आकडा पट्टा ४३ मध्ये सुमारे ८१२ किलोमीटर येतो आणि ४४ मध्ये सुमारे १८८. शेजारच्या दोन वावरांपैकी एक या पट्ट्यात आणि एक त्या पट्ट्यात नोंदलं आणि चिठ्ठ्या नसल्या, तर डेटाबेस दोघांमध्ये सव्वासहाशे किलोमीटर अंतर सांगेल. चिठ्ठ्या बरोबर असतील तर निदान 'मिक्स्ड एसआरआयडी' म्हणून थांबवतो तरी. म्हणून मोर्शीसारख्या ठिकाणी साठवणूक ४३२६ मध्येच ठेवा आणि मोजायच्या वेळी जिऑग्राफी. २१२ बागांना त्याने काही वेळ लागत नाही.


वर्धेचा_मास्तर
९ जून, सकाळी ११:००

थोडा वेगळा प्रश्न, पण एक्स्टेन्शनचाच आहे. आमच्या वाचनालयाच्या यादीत एकाच माणसाचं नाव तीन-तीन प्रकारे आहे. विठ्ठलराव, विठ्ठल राव, विठलराव. अशी जवळपासची नावं शोधायला काही आहे का?


साठवण
९ जून, दुपारी १:३०

सर, 'पीजी_टीआरजीएम' बघा. शब्दाचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे पाडून दोन नावांत किती तुकडे जुळतात ते मोजतं, ० ते १ मध्ये उत्तर देतं. ०.३ ही त्याची मूळ पातळी, नावांसाठी ती वाढवून बघा. हे पोस्टग्रेसच्या सोबतच येतं आणि १३ पासून 'ट्रस्टेड' आहे. म्हणजे डेटाबेसमध्ये क्रिएटची परवानगी असलेला साधा युजरही बसवू शकतो. मात्र डेटाबेस 'सी' लोकॅलमध्ये (लोकॅल म्हणजे भाषेची मांडणी) तयार केलेला असेल तर देवनागरीला ते अक्षरच मानत नाही आणि सगळं शून्य येतं. आधी 'शो_टीआरजीएम'ला एक मराठी नाव देऊन बघा. रिकामं आलं तर लोकॅल तपासा. झिरो-एक्सने सुरू होणारे विचित्र आकडे आले तर घाबरू नका, मराठी तुकडे ते तसेच दाखवतं. पुढचं बोलायचं असेल तर वेगळा धागा काढा, इथे ताईंचं काम चालू आहे.


बागेची_वही
११ जून, रात्री ९:४५

पुन्हा आले. २१२ पैकी १९३ बागा सातबाऱ्याशी ताडून बघितल्या, पटण्यासारख्या आहेत. १९ बागा मात्र फारच कमी येतात. एक तर २ हेक्टरची ७४ आर दाखवते. तिथे तर मी स्वतः चालले आहे, आमच्या गटाने बिंदू नीट घेतले होते.


टेकडीपलीकडे
११ जून, रात्री १०:१०

त्या १९ वर 'एसटी_इजव्हॅलिडरीझन' चालवा, आकारात काय चूक आहे ते सांगतं, काय म्हणतंय बघा.


बागेची_वही
११ जून, रात्री १०:३०

सगळ्यांवर 'सेल्फ-इंटरसेक्शन', म्हणजे रेषा स्वतःलाच छेदते, आणि पुढे एक बिंदू.


नवा_कोडर
११ जून, रात्री १०:४०

'एसटी_मेकव्हॅलिड' मारा सगळ्यांवर, दुरुस्त होतील.


जुना_गडी
११ जून, रात्री ११:००

थांबा, तसं करू नका. मेकव्हॅलिड आकार नियमात बसवून देतं, पण बाग तशीच आहे का हे त्याला कुठून कळणार? रेषा एकमेकींना का छेदत आहेत ते आधी शोधा. ताई, त्या १९ बागांना कोपरे किती आहेत? आणि बाकीच्या १९३ ना जास्तीत जास्त किती?


बागेची_वही
१२ जून, सकाळी ६:१५

१९ बागांना १० किंवा त्याहून जास्त. सगळ्यात मोठी १४ कोपऱ्यांची, नाल्याच्या वळणाने गेलेली. बाकीच्यांना ९ पर्यंतच!


जुना_गडी
१२ जून, सकाळी ६:४०

मग कोपऱ्याच्या क्रमांकाचा रकाना टेक्स्ट प्रकारचा आहे. बिंदू जोडताना क्रम लावला की टेक्स्टमध्ये १ नंतर १०, ११, १२ येतात आणि मग २. माणूस पहिल्या कोपऱ्यावरून थेट दहाव्यावर उडी मारतो आणि परत दुसऱ्यावर येतो, अशी रेषा ओढली जाते. रकाना इंटिजर करा आणि पॉलिगॉन पुन्हा बांधा.


बागेची_वही
१२ जून, सकाळी ८:०५

अगदी तेच होतं. सीएसव्ही आत घेताना मी सगळे रकाने टेक्स्ट ठेवले होते. आता २१२ च्या २१२ व्हॅलिड आहेत. ७४ आरची बाग १ हेक्टर ९३ आर झाली. जुना_गडी काका, तुमच्यामुळे १९ कुटुंबांचा हिशेब चुकायचा वाचला. मेकव्हॅलिड चालवलं असतं तर आकार सुबक दिसला असता आणि मी चुकीचंच क्षेत्र छापून दिलं असतं.


काळी_माती
१२ जून, दुपारी २:००

नाल्याच्या वळनाची बाग म्हनता, ती मी पाह्यली असन. तिथं धुरा सरळ नाईच. १४ कोपरे बराबर हायेत.


बागेची_वही
१५ जून, रात्री ९:३०

आज बोअरचा प्रश्न विचारला. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरची अट १९९३ च्या भूजल कायद्यापासून चालत आली आहे, आमच्याकडे ती सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण नेमकं कोण आत येतं हे कुणी मोजलेलं नव्हतं.

'एसटी_डीविदिन'ला दोन्ही बिंदू जिऑग्राफी करून दिले आणि अंतर ५००. पहिल्यांदा मी जॉमेट्रीच दिली होती, तेव्हा यादीतले झाडून सगळे बोअर आले. ते ५०० अंश समजलं होतं हे आता माझं मलाच कळलं, विचारायला यावं लागलं नाही.

९ बोअर आत आहेत. सात जुने. दोन सभासद यंदा नवीन घेणार आहेत, त्यांच्या ठरवलेल्या जागांचे बिंदूही मी घेऊन ठेवले होते. एक जागा ३१० मीटरवर, तिचा प्रश्नच नाही. दुसरी ४९२ मीटरवर.


साठवण
१५ जून, रात्री १०:१५

४९२ वर लगेच काही सांगू नका त्यांना. मोबाइलचा बिंदू मोकळ्या आभाळाखाली ५ मीटरपर्यंत इकडेतिकडे असतो, झाडाखाली त्याहून जास्त. विहिरीचा बिंदूही तसाच. दोन्हीकडची चूक मिळून तुमचे ८ मीटर सहज खाऊन टाकेल. दोन्ही ठिकाणी पुन्हा जा, वेगवेगळ्या वेळी तीन-चार बिंदू घ्या आणि सरासरी काढा. तरीही काठावर आलं तर निर्णय संबंधित कार्यालयाचा, तुमच्या टेबलाचा नाही.

अजून एक काम आजच करा, बॅकअपचं. पीजी_डम्प या बॅकअपच्या आदेशाने निघणाऱ्या फाइलीत एक्स्टेन्शनची फंक्शन्स नसतात, फक्त 'क्रिएट एक्स्टेन्शन' ही एक ओळ असते. तो डेस्कटॉप बंद पडला आणि नव्या यंत्रावर पोस्टजीआयएसचं पॅकेज न बसवता फाइल उलगडायला घेतली, तर पहिल्याच ओळीला अडेल आणि मागची बागांची टेबलंही येणार नाहीत. लॅपटॉपवर तुम्ही तीनदा पोस्टजीआयएस बसवलं होतं ना, ते आता उपयोगी पडेल. त्या पॅकेजसोबत तिथे पोस्टग्रेसही आलेलं आहे. एक रिकामा डेटाबेस करून बॅकअप उलगडून बघा.


टेकडीपलीकडे
१५ जून, रात्री १०:३०

आणि ती बॅकअपची फाइल कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवू नका. कुणाचा धुरा कुठून कुठे, कुणाच्या विहिरीला पाणी आहे, हे सगळं आहे तिच्यात. सभासदाला त्याच्या एकट्याच्या बागेचा कागद छापून द्यावा.


बागेची_वही
१७ जून, रात्री ८:५०

बॅकअप लॅपटॉपवर उलगडला. २१२ बागा, सगळ्या मोजल्या, दोन्हीकडे आकडे सारखेच आले. कागद एकेकट्याचाच छापतेय, ते पटलं.

आज पहिले वीस कागद वाटले. एक आजोबा कागद हातात धरून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पश्चिमेच्या रेषेवर बोट ठेवून म्हणाले, इथे बाक आहे, इथेच निंब हाये माया. चार कोपऱ्यांच्या बागेत बाक कसा, म्हणून मी म्हटलं रेषा सरळ आहे आजोबा. ते म्हणाले, कागदावर सरळ हाये, वावरात निंबाला वळसा हाये. तिथे मी पाचवा बिंदू घ्यायला हवा होता, उद्या घेते.

४९२ मीटरच्या जागेवरही उद्याच जाणार, सकाळी सहाला, दुपारी आणि संध्याकाळी. सभासदाला सांगितलं आहे की तोवर बोअरवाल्याला बोलावू नका. ते थांबायला तयार आहेत.


काळी_माती
१७ जून, रात्री ९:१५

काल रातच्यानं पानी पडलं तिकडं. पांदणीनं जाऊ नका बाई, गाडी फसन. नाल्याच्या कडंकडंनं पायी जा, आन विहिरीपाशी गवतात पाय पाहून टाका.